इन्स्टॉल बिनतक्रार, पण ऐन सौद्यात पट्टीवर चौकटी: ऑप्शनल डिपेंडन्सीचा घोळ कसा सोडवायचा

हळदीच्या हंगामातला पहिला मोठा सौदा. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला. "दादा, पट्ट्या छापायला लावल्यात, पण शेतकऱ्यांची नावं कुठं गेली? नुसत्या चौकटी आल्यात बघा." मी पोचलो तेव्हा प्रिंटरमधून तीसेक पट्ट्या बाहेर आल्या होत्या. पोत्यांची संख्या, वजन, दर, अडत, हमाली, तोलाई, सगळं पैशापर्यंत जुळत होतं. नाव आणि गाव जिथं मराठीत यायचं तिथं मात्र रिकामे चौकोन ओळीनं उभे. प्रोग्रॅमनं कुठलीही चूक दाखवली नव्हती, लॉगमध्येही काही नव्हतं. त्याच्या मते काम चोख झालं होतं.

पट्टी हा शेतकऱ्याच्या हातात जाणारा कागद. नऊ महिने रानात ठेवलेल्या हळदीचा हिशेब त्यावर असतो. त्यावर त्याचंच नाव नसेल तर बाकीचे आकडे बरोबर असून काय करायचे?

हा एकच दोष गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर चार वेगवेगळ्या रूपांत आला. प्रत्येक वेळी वाटलं की काहीतरी नवीन आहे, आणि खणत गेल्यावर मुळाशी तेच निघालं: एक ऑप्शनल पॅकेज, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमसोबत आपणहून न येणारा सॉफ्टवेअरचा तुकडा, जो जुन्या मशीनवर होता आणि नव्यावर नव्हता. म्हणून चारही प्रकार इथं सविस्तर लिहितोय.

तुमचा प्रश्न हाच आहे का

खूण अशी. इन्स्टॉल करताना लाल अक्षरात काही येत नाही. प्रोग्रॅम सुरू होतो, रोजची बरीचशी कामं होतात. एखादंच काम अडतं किंवा चुकीचं होतं, आणि तेही बहुधा ज्या दिवशी त्या कामाची गरज पडते त्याच दिवशी कळतं. जुन्या मशीनवर, किंवा ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्याच्या लॅपटॉपवर, सगळं सुरळीत चालतं. आणि मागे जाऊन पाहिलं तर अलीकडे मशीन बदललेलं असतं.

आमच्याकडं मशीन बदलायला पूर हे मोठं कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं. पेठेतल्या दुकानांचे संगणक गेले, आणि नंतरच्या महिन्या-दोन महिन्यांत सगळं नव्यानं उभं करावं लागलं. डेटाचा बॅकअप बहुतेकांकडं होता. पण जुन्या मशीनवर वर्षानुवर्षं सहज म्हणून टाकलेल्या दहा गोष्टींची यादी कुणाकडंच नव्हती. माझ्याकडंही नव्हती.

इथं ‘ऑप्शनल’ या शब्दाकडं नीट पाहायला हवं. ऐच्छिक, पण कुणाच्या इच्छेनं? ते पॅकेज बनवणाऱ्याच्या बाजूनं ऐच्छिक असतं. त्याचे वापरकर्ते जगभर असतात, त्यातल्या अनेकांना एक्सेल नको असतं, देवनागरी नको असते, म्हणून तो ते भाग सक्तीचे करत नाही. त्याचं बरोबरच आहे. पण ज्या दुकानात तोलाईची यादी फक्त एक्सेलमध्ये येते आणि पट्टी फक्त मराठीत जाते, तिथं ते दोन्ही भाग सक्तीचे आहेत. ही सक्ती लिहून ठेवायचं काम आपलं. पॅकेजं टाकून देणारा प्रोग्रॅम, म्हणजे पॅकेज मॅनेजर, ते आपल्यासाठी करणार नाही.

पहिलं रूप: चौकटी

हळदीच्या त्या दुकानातलं मशीन डेबियनचं, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारचं. पट्टी लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये भरून पडद्यामागं पीडीएफ व्हायची. डिस्क लहान होती म्हणून इन्स्टॉल करताना मी ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय दिला होता.

डेबियनमध्ये पॅकेजची मुख्य नाती तीन पायऱ्यांची असतात. ‘डिपेंड्स’ म्हणजे याच्याशिवाय चालणारच नाही. ‘रेकमेंड्स’ म्हणजे शिफारस; डेबियनच्या धोरणात तिचा अर्थ असा दिला आहे की अगदी वेगळ्या परिस्थितीतली मशीनं सोडली तर ही दोन्ही पॅकेजं बरोबरच असायला हवीत. ‘सजेस्ट्स’ म्हणजे असलं तर बरं. २००९ च्या डेबियन ५ पासून एपीटी, म्हणजे डेबियनचा पॅकेज मॅनेजर, शिफारशीतली पॅकेजं आपणहून टाकतं, सजेस्ट्समधली टाकत नाही. म्हणजे शिफारस हा शब्द सौम्य वाटला तरी त्यामागचा हेतू जवळजवळ सक्तीचा आहे. आणि लिबरऑफिसच्या एकत्रित पॅकेजच्या शिफारशींमध्येच नोटो फाँट येतात, ज्यांत देवनागरी असते. मी फक्त कॅल्क घेतलं, शिफारशी वगळल्या, आणि मशीनवर मराठी अक्षर काढू शकेल असा एकही फाँट राहिला नाही.

तपासायचं कसं? टर्मिनलवर ‘एफसी-लिस्ट’ ही आज्ञा द्या आणि तिला भाषा म्हणून ‘एमआर’ सांगा. मराठी लिहू शकणारे सगळे फाँट ती दाखवते. आमच्याकडं एकही ओळ आली नाही, तिथंच निदान झालं. तयार झालेल्या पीडीएफवर ‘पीडीएफफाँट्स’ चालवलं तर आत कोणते फाँट बसलेत तेही दिसतं. ते साधन ‘पॉपलर-युटिल्स’ या पॅकेजात मिळतं.

उपाय दोन मिनिटांचा: लोहित देवनागरी किंवा नोटो, यांपैकी एक फाँटचं पॅकेज त्याच्या नावानं टाकायचं आणि लिबरऑफिसची चालू असलेली प्रक्रिया बंद करून पुन्हा सुरू करायची. ‘त्याच्या नावानं’ हे मुद्दाम म्हणतोय. जे पॅकेज आपण नाव घेऊन टाकतो त्याची नोंद ‘मॅन्युअल’ अशी होते. जे दुसऱ्याच्या मागोमाग येतं त्याची नोंद ‘ऑटो’. उद्या ज्याच्या मागोमाग ते आलं होतं ते कुणी काढलं, की ‘ऑटोरिमूव्ह’च्या सफाईत हेही जाऊ शकतं, आणि सहा महिन्यांनी परत चौकटी. आधीच आलेलं पॅकेज पक्कं करायचं असेल तर ‘एपीटी-मार्क’नं मॅन्युअल म्हणून खूण करता येते.

दुसऱ्या कुणी लावलेल्या मशीनवर हे होत असेल तर आधी ‘एपीटी-कॉन्फिग डंप’ करून त्यात ‘इन्स्टॉल-रेकमेंड्स’ची ओळ शोधा. जागा वाचवायला कुणीतरी ती कायमची बंद करून ठेवलेली असते, आणि मग पुढं टाकलेलं प्रत्येक पॅकेज अर्धवट येत राहतं. डॉकरच्या इमेजमध्ये (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात) तर शिफारशी वगळायची पद्धतच पडली आहे. पद्धत चांगली आहे, पण मग वगळलेल्यातलं काय परत घ्यायचं ते त्याच फाइलमध्ये पुढच्या ओळीत लिहायला हवं.

दुसरं रूप: एक्सेल उघडेना

गणपती पेठेतल्या एका दुकानाचं मशीन २०२१ च्या पुरात गेलं. ऑगस्टमध्ये नवीन लावलं. तोलाईची एक्सेल फाइल वाचून खतावणी करणारा पायथनचा प्रोग्रॅम बॅकअपमधून आणला, ‘रिक्वायरमेंट्स’च्या फाइलमध्ये पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीचं नाव होतं, ते पिपनं, म्हणजे पायथनच्या पॅकेज मॅनेजरनं, टाकलं. पहिलीच फाइल उघडताना प्रोग्रॅम थांबला: ‘मिसिंग ऑप्शनल डिपेंडन्सी’, आणि पुढं नाव ‘ओपनपायएक्सएल’.

हा संदेश निदान प्रामाणिक आहे. नाव सांगतो, काय करायचं तेही सांगतो. तेवढं टाकलं की काम सुरू होतं. पण जुन्या मशीनवर हेच नाव कधीच लागलं नव्हतं, ते का, हे समजून घेतलं नाही तर पुढच्या वेळी परत अडकायला होतं.

पांडाज स्वतः एक्सेल वाचत नाही. त्यासाठी तो दुसऱ्या लायब्ररीकडं जातो. पूर्वी ती ‘एक्सएलआरडी’ होती आणि जुना ‘एक्सएलएस’ आणि नवा ‘एक्सएलएसएक्स’ असे दोन्ही प्रकार वाचायची. डिसेंबर २०२० मध्ये एक्सएलआरडीची २.० आवृत्ती आली आणि तिनं जुना प्रकार सोडून बाकी सगळं वाचणं बंद केलं. पांडाजही नव्या प्रकारासाठी ओपनपायएक्सएलकडं वळला. पुरात गेलेल्या मशीनवर जुनी एक्सएलआरडी होती. कधीतरी हातानं टाकलेली, यादीत न लिहिलेली. त्यामुळं नव्या मशीनवर ती आलीच नाही, आणि कुणी आठवणीनं टाकली असती तरी नव्या आवृत्तीचा उपयोग झाला नसता.

पिपमध्ये ऐच्छिक भागांना ‘एक्स्ट्रा’ म्हणतात. पॅकेजच्या नावापुढं चौकटी कंसात एक्स्ट्राचं नाव लिहिलं की त्या भागाला लागणारं सगळं येतं. पांडाजनं २०२३ च्या २.० आवृत्तीपासून असे एक्स्ट्रा दिलेत, त्यात एक्सेलचाही आहे. यातले खाचखळगे मात्र ठाऊक हवेत.

एक, एक्स्ट्राचं नाव चुकलं किंवा त्या आवृत्तीत तो एक्स्ट्रा नसला तरी पिप थांबत नाही. एक पिवळी सूचना देतो आणि बाकीचं टाकून मोकळा होतो. पन्नास ओळींच्या गर्दीत ती ओळ कुणाच्या नजरेत भरत नाही. दोन, कोणता एक्स्ट्रा मागितला होता हे पिप कुठंही लक्षात ठेवत नाही. म्हणून ‘पिप चेक’ केलं तर सगळं ठीक आहे असंच उत्तर येतं. ऐच्छिक भाग नाही हे त्याच्या लेखी तुटलेलं नसतं. तीन, ‘पिप फ्रीझ’नं काढलेल्या यादीत सगळी नावं येतात खरी, पण कुठलं कशासाठी आलं ते येत नाही. मग एखादा नवा मुलगा यादी साफ करताना ओपनपायएक्सएल शोधतो, प्रोग्रॅममध्ये ते नाव कुठंच दिसत नाही, कारण ते पांडाज आतून वापरतो, आणि तो ती ओळ काढून टाकतो. त्याची चूक नाही. त्या ओळीशेजारी ‘तोलाईची फाइल वाचायला लागते, काढू नये’ एवढी टीप असायला हवी होती.

याच दुकानात आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती मला जास्त लागली, कारण ती माझ्या प्रोग्रॅममधली होती. महिनाअखेरचा गोषवारा एक्सेलमध्ये लिहायचा होता. लिहिणारी लायब्ररी नसेल तर प्रोग्रॅम बंद पडू नये म्हणून मी सोय केली होती: लायब्ररीची आयात (इम्पोर्ट) जमली नाही तर गुपचूप सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची तक्ता-फाइल, लिही. तसं झालंच. दिवाणजींनी ती फाइल एक्सेलमध्ये उघडली तर सगळी मराठी नावं विचित्र चिन्हांची झाली होती, कारण यूटीएफ-८ सीएसव्हीच्या सुरुवातीला बीओएमची, म्हणजे ती यूटीएफ-८ आहे हे सांगणारी, खूण नसेल तर एक्सेल बऱ्याचदा ती दुसऱ्याच एन्कोडिंगमधली समजून उघडतं. दोन दिवस ते काका आपल्याच हातून काही बिघडलं असं समजून बसले होते. तेव्हापासून असली मूक सोय मी ठेवत नाही. पर्यायी मार्ग घ्यायचाच असेल तर पडद्यावर मराठीत स्पष्ट येतं: अमुक भाग सापडला नाही, गोषवारा सीएसव्हीमध्ये लिहिला आहे, फोन करा. आणि ज्याच्याशिवाय दुकानाचं काम होणार नाही ते सगळं प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळींतच आयात करतो, म्हणजे बंद पडायचं तर सकाळी शटर उघडतानाच पडेल, दुपारी सौदा चालू असताना नाही.

तिसरं रूप: अक्षरं आहेत, पण मोडकी

हे सगळ्यात फसवं. बेदाण्याच्या पेट्यांवर चिकटवायची लेबलं पायथनच्या पिलो लायब्ररीनं चित्र म्हणून तयार होत होती. फाँट होता, चौकटी नव्हत्या. पण ‘शिराळा’ मधली पहिली वेलांटी श च्या आधी न येता नंतर येत होती. ‘कृष्णा’ मधलं जोडाक्षर पाय मोडून उभं होतं. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला यात काहीच चूक दिसणार नाही. आपल्याला एका नजरेत खुपतं.

देवनागरी काढायची म्हणजे एका कोडला एक चित्र असं भागत नाही. वेलांटी मागं न्यावी लागते, जोडाक्षर जोडावं लागतं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो. हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करतं. पिलोमध्ये ते ‘रक्म’ या लायब्ररीमार्फत येतं, आणि रक्म ऐच्छिक आहे. ती नसली तर पिलो साध्या मांडणीवर जातो आणि अक्षरं टाइपल्या क्रमानं एकापुढं एक ठेवतो. अनेक आवृत्त्यांत तो याची सूचनाही देत नसे. जाता जाता सांगतो, रक्म हा मूळ अरबी शब्द, अर्थ लेखन किंवा आकडा. आपली ‘रक्कम’ त्याच घरातली.

२०२१ च्या एप्रिलमधल्या ८.२ आवृत्तीपासून पिलोच्या तयार बांधणीत रक्म आतच असते. तरीही घोळ होतो, कारण ती चालायला ‘फ्रीबिडी’ नावाची आणखी एक लायब्ररी लागते आणि ती मशीनवर आधीपासून असावी अशी अपेक्षा असते. डेस्कटॉपच्या लिनक्सवर ती सहसा असतेच. छोट्या डॉकर इमेजमध्ये नसते. विंडोजवर तिची डीएलएल (लायब्ररीची फाइल) आपल्याला वेगळी आणून ठेवावी लागते. म्हणजे ऐच्छिकाच्या पोटात पुन्हा एक ऐच्छिक. माझ्या लॅपटॉपवर लेबल देखणं, शीतगृहाच्या मशीनवर मोडकं, आणि पिलोची आवृत्ती दोन्हीकडं अगदी तीच. आवृत्त्या जुळवण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

नेमका प्रश्न विचारला की उत्तर लगेच मिळतं. पिलोच्या ‘फीचर्स’ या भागाला रक्म आहे का असं विचारता येतं. उत्तर ‘फॉल्स’ आलं तर डेबियन-उबुंटूवर ‘लिबफ्रीबिडी-झिरो’ हे पॅकेज टाका आणि परत विचारा. माझ्या लेबलच्या प्रोग्रॅममध्ये आता हा प्रश्न सुरुवातीलाच आहे, आणि उत्तर नाही आलं तर तो पुढं जातच नाही.

चौथं रूप: एनपीएम

त्याच शीतगृहाची आवक-जावक नोंदवायची वेब-वही मिरजेच्या एका मित्रानं विंडोजवर बनवली. सर्व्हर लिनक्सचा. सर्व्हरवर बिल्ड केलं की रोलअप या वेबच्या फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनाचा लिनक्ससाठीचा भाग सापडत नाही म्हणून थांबायचं.

रोलअप, ईएसबिल्ड यांसारखी साधनं प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी बायनरी (थेट चालणारी तयार फाइल) देतात. ती सगळी ‘ऑप्शनल डिपेंडन्सीज’ म्हणून लिहिलेली असतात, आणि प्रत्येकीवर ती कुठल्या सिस्टिमची, कुठल्या प्रोसेसरची ते नोंदलेलं असतं. एनपीएम, म्हणजे जावास्क्रिप्टचा पॅकेज मॅनेजर, जुळणारी घेतं, बाकीच्या सोडून देतं, आणि ऐच्छिक असल्यामुळं न मिळाली तरी थांबत नाही. कल्पना छान आहे. अडचण लॉक फाइलमध्ये, म्हणजे नेमक्या कोणत्या आवृत्त्या टाकायच्या याच्या नोंदीत, झाली. विंडोजवर ‘नोड मॉड्यूल्स’ हे पॅकेजांचं फोल्डर आधीच भरलेलं असताना लॉक फाइल नव्यानं बनली आणि तिच्यात विंडोजचाच भाग उरला. रोलअपच्या संदेशातच लिहिलेलं होतं की हा एनपीएमचा ऐच्छिक पॅकेजांबाबतचा दोष आहे, लॉक फाइल आणि नोड मॉड्यूल्स दोन्ही काढून परत इन्स्टॉल करा.

तसं केलं की सुटतं. पण लॉक फाइल उडवली की बाकीच्या सगळ्या पॅकेजांच्या आवृत्त्याही पुढं सरकू शकतात. त्यामुळं आधी जुनी लॉक फाइल गिटमध्ये आहे याची खात्री करा आणि नंतर फरक वाचून घ्या. आम्ही शेवटी लिनक्सची बायनरी आपल्याच ‘पॅकेज’ फाइलमध्ये ऐच्छिक म्हणून लिहिली, रोलअपच्या आवृत्तीशी जुळणारी. ती साध्या डिपेंडन्सीत लिहू नका, नाहीतर विंडोजवर सिस्टिम जुळत नाही म्हणून एनपीएम अडून बसेल.

दोन गोष्टी आधीच पाहून घ्या. नोड मॉड्यूल्सचं फोल्डर पेन ड्राइव्हवरून एका सिस्टिमवरून दुसरीवर नेलंय का? नेलं असेल तर बाकी काही शोधू नका, ते काढा आणि जागेवरच इन्स्टॉल करा. आणि एनपीएमच्या सेटिंगमध्ये ‘ओमिट’पुढं ऑप्शनल लिहिलंय का? मोबाइलच्या नेटवर काम करताना डेटा वाचवायला कुणीतरी ते लिहून ठेवतो आणि विसरतो.

आता मी काय करतो

प्रत्येक दुकानाच्या प्रोग्रॅमबरोबर एक साधी मजकूर फाइल असते. त्यात ऐच्छिक म्हणवणारं पण आपल्याला लागणारं प्रत्येक नाव, आणि पुढं मराठीत ते कोणत्या कामाला लागतं ते. फाँटही त्यातच. हातानं काहीही टाकलं तर आधी फाइलमध्ये ओळ, मग आज्ञा. फाइलची एक प्रत दुकानाबाहेर राहते.

आणि मशीन लावून झालं की चाचणीची पट्टी छापतो. इन्स्टॉल पुरं झालं हा संदेश मी आता पुरावा धरत नाही. खऱ्या फाइलसारखी एक छोटी एक्सेल फाइल वाचायची, एक पट्टी काढायची, एक लेबल काढायचं, गोषवारा लिहायचा. पट्टी आणि लेबलवरची नावंही निवडून ठेवली आहेत: ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘शिराळा’, ‘मिरज पूर्व’. यांत जोडाक्षर, ऋकार, वेलांटी आणि रफार चारही येतात. पट्टी आणि लेबल मी पडद्यावर पाहत नाही, कागदावर काढून दिवाणजींच्या हातात देतो आणि मोठ्यानं वाचायला सांगतो. एकदा एका काकांनी लेबलवरच्या ‘पूर्व’ मधला रफार व वर नसून त्याच्या आधी सुटा पडलाय हे चष्मा पुसून दाखवून दिलं. त्या मशीनवर फ्रीबिडी राहिलं होतं.